खुर्चीतली वहिनी

संपादकबाईंचा फोन आला, "यंदा आमच्या अंकाला तुमच्या कामाबद्दल लिहा ना." मी विचारलं, "कुठल्या कामाबद्दल? बँकेतल्या की रडायच्या?" त्या म्हणाल्या, "रडायच्याच हो, बँकेचं कोण वाचणार?" खरं होतं त्यांचं. बँकेत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, पण त्यावर लिहिलेलं दीड पानसुद्धा मला स्वतःला वाचवणार नाही. व्हीआरएस घेतल्यानंतर मी जे काम धरलं, त्याबद्दल मात्र लोक अजून विचारतात. काही जण कुतूहलाने विचारतात, काही जण बाईच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना, हे बघायला विचारतात.

जुईनगरला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये सकाळी पेडणेकरबाई भेटायच्या. माझी साडी बघून म्हणायच्या, "आज कुठे, रडायला?" मीही म्हणायचे, "हो, बेलापूरला. दुपारपर्यंत रडून येते, मग भाजीला जाऊ." एकदा लिफ्टमध्ये नवे भाडेकरू होते. ते बिचारे हे ऐकून पुढच्याच मजल्यावर उतरले.

तर काम असं. कंपन्या, दवाखाने, हॉटेलं आपापल्या माणसांना बोलायला शिकवतात. चिडलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, नोकरीवरून काढायच्या माणसाला कसं सांगायचं, ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या बायकोला काय सांगायचं आणि काय नाही. हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. त्यासाठी समोर कोणीतरी चिडावं लागतं, नोकरी जावी लागते, नवरा आत असावा लागतो. ते कोणीतरी म्हणजे मी. हौशी नाटकांत मी पुष्कळ वर्षं कामं केली होती, त्यामुळे डोळ्यांत पाणी आणणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते पुढचं, कारण इथे संवाद कोणी लिहून देत नाही. तुम्ही कोण, काय घडलंय आणि तुम्हाला काय हवंय, एवढंच सांगून खुर्चीत बसवतात. समोरचा आत येऊन काय बोलेल ते त्यालाही ठाऊक नसतं. तो बोलेल त्यावर मी बोलायचं, मी बोलेन त्यावर त्याने.

ही शिकवणी चालवणारे आमचे करंदीकर सर. वाशीला दोन खोल्यांची त्यांची संस्था. माणूस अभ्यासू, सतत वाचणारा. कामाच्या ठिकाणी माणसं ऐनवेळी कशी वागतात, न ठरवता एकमेकांना कशी सांभाळून घेतात, यावर जगात कोणी काय काय सिद्धांत मांडलेत ते त्यांना तोंडपाठ. दर वर्गाच्या सुरुवातीला ते पडद्यावर बाणबिण काढून अर्धा तास त्यावर बोलत आणि मी मागच्या बाकावर बसून शेंगदाणे खात असे. पण ऐकून ऐकून माझ्याही डोक्यात ते बसलं. ऐनवेळचं वागणं म्हणजे मनाला येईल ते करणं, असं लोकांना वाटतं. सर म्हणत, ते साफ चूक. त्याला एक चौकट लागते, फक्त ती लहान हवी. समोरच्याने जे दिलं ते आधी घ्यावं लागतं, झटकून चालत नाही. जे हाताशी आहे त्यावरच भागवावं लागतं. आणि आणीबाणीत माणसाला नवं काही सुचत नाही, हात आपोआप जुन्या सवयीकडे जातो. म्हणून जे आयत्या वेळी करायचं त्याचीच आधी तालीम करायची, असं त्यांचं म्हणणं.

मला यात फार नवल वाटत नसे. माझं माहेर कुडाळकडचं. दशावतारी मंडळी संध्याकाळी देवळात येऊन पोहोचायची, आज कुठलं आख्यान लावायचं ते तिथे ठरायचं, तोंडाला रंग लावता लावता कोणी काय करायचं ते वाटून घ्यायची. लिहिलेलं एक अक्षर नाही. राक्षस स्टेजवर आल्यावर काय बोलणार ते राजाला माहीत नसायचं, तरी सकाळपर्यंत खेळ रंगायचा. मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की पुढच्या वर्गापासून पडद्यावर एक दशावतारी राजाही आला, बाणासकट.

गमती खूप झाल्या. एका सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरी जाणारी कर्मचारी होते. काढून टाकणारा मॅनेजर तिशीचा, टाय बांधलेला. मी काही रडले नाही, नुसतं म्हटलं, "सर, माझ्या सासूबाईंना आज सकाळीच सांगितलं मी, की आमचे सर फार चांगले आहेत." त्याचा चेहरा पडला. बोलता बोलता त्याने मला काढायचं रद्द केलं, दुसऱ्या खात्यात घेतलं आणि वर पगारवाढीचंही बघतो म्हणाला. वर्ग हसून हसून लोटपोट. तो मात्र बाहेर येऊन मला हळूच विचारत होता, "मॅडम, खरंच सासू आहे का तुम्हाला?" दुसऱ्या एका दवाखान्यात काउंटरवरची मुलगी मला समजावता समजावता माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की शेवटी मीच तिला पाणी दिलं. असं होतं. माणसं खोटं खोटं म्हणून आत येतात आणि आत आल्यावर त्यांना खरं वाटायला लागतं. मला स्वतःला मात्र कधी तसं झालं नाही. खुर्चीतून उठलं की मी उठलेली असे. सर कौतुकाने म्हणत, "बाई नळासारख्या आहेत. सोडला की सुरू, फिरवला की बंद." मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

आता म्हात्रेंचं सांगते. खरं तर त्यांच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीने सरांना बोलावलं होतं. विषय कठीण होता. कारखान्यात अपघात झाला तर कामगाराच्या घरच्यांना जाऊन सांगायचं कसं, हे सुपरवायझर लोकांना शिकवायचं. कंपनीच्या वकिलांनी काय बोलायचं त्याचा एक कागद करून दिला होता, पण तो वाचून दाखवला असता तर घरच्या माणसांनी पोलिसांनाच बोलावलं असतं. सरांनी तो बाजूला ठेवला आणि चार गोष्टींची चौकट दिली. लगेच सांगायचं. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं. "काही होणार नाही" असं म्हणायचं नाही. आणि माणसाला एकटं सोडून निघायचं नाही. बाकी सगळं ज्याचं त्याने बघायचं.

मी खुर्चीत. माझं नाव सुनंदा, नवरा दिलीप, कंपनीत ऑपरेटर. एकेक जण दारावर टकटक करून यायचा. बहुतेकांना दोनतीनदा करून जमलं. म्हात्रेंना जमेना. पन्नाशी ओलांडलेला माणूस, दार भरून जाईल एवढा, मिशा अशा की शिफ्टमधली पोरं दुरून बघूनच हेल्मेट नीट करायची. जवळच्याच गावचे, नवं शहर वसवताना जमीन गेलेल्या घरातले. त्यांना शिफ्ट इनचार्ज करायचं साहेबांनी ठरवलं होतं. पण हे घरी जाऊन सांगायचं काम इनचार्जच्याच गळ्यात असतं, आणि म्हात्रे सरळ म्हणाले होते, "मना नको ती जागा." साहेबांनी गळ घालून त्यांना वर्गात बसवलं होतं.

ते आत आले. उभे राहिले. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही यावेळी? ड्युटी नाही?"

"हाय. वहिनी, जेवलाव का?"

मी सुनंदा म्हणून म्हटलं, "नाही अजून. काय झालं?"

"काय नाय. जेवून घ्या आदी."

आणि बस्स. पुढे शब्द नाही. सरांनी थांबवलं, पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच, "जेवलाव का?" तिसऱ्यांदा मी म्हटलं, "हो, झालं जेवण." तर ते मागेच सरकले आणि दार उघडून बाहेर गेले.

बाहेरच्या वाचकाला हे वेडेपणाचं वाटेल, पण तुम्हा आम्हाला कळतं. आपल्याकडे वाईट बातमी घेऊन आलेला माणूस आधी घरच्यांना जेवायला लावतो. एकदा बातमी फुटली की त्या घरात चूल पेटत नाही, बाई पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही, म्हणून तेवढं तरी पोटात जाऊ दे. अवेळी कोणी आलं आणि "जेवलात का" म्हणालं की आमच्या आईच्या हातातलं काम थांबायचं. त्या विचारण्यात मायाच असते.

चहाच्या सुट्टीत म्हात्रे कँटीनच्या मागे एकटेच उभे होते. मी कप घेऊन गेले. त्यांना बोलतं करायचं माझ्या मनात नव्हतं, पण तेच बोलले.

"म्याडम, मी एकदा गेलो होतो सांगाला. खराखुरा."

आधीच्या दुसऱ्या कंपनीतली गोष्ट. त्यांच्याच गावचा, लहानपणापासूनचा दोस्त, वरून पडला. दवाखान्यात नेला तेव्हा शुद्धीत होता. कोणीतरी म्हणालं, म्हात्रे, तू गाववाला, तू जाऊन वहिनीला घेऊन ये. हे गेले. दुपारची वेळ, ती नुकती ताट वाढून बसलेली. यांचं मन झालं नाही. म्हणाले, जरा लागलंय, काय नाय, तुम्ही जेवून घ्या, मग जाऊ. आणि पाटावर बसून राहिले. ती जेवली, भांडी विसळली, साडी बदलली. दोघं पोहोचली तेव्हा तो गेलेला होता. शेवटपर्यंत बायको आली का विचारत होता, असं नर्सने सांगितलं.

"ती मना काय बोलली नाय," म्हात्रे म्हणाले. "येवढाच बोलली, भाऊजी, मी जेवत बसले हो. अजून समोर दिसली का मना तोच ऐकू येतो. आनि तरी बगा, तोंड उघडला की जेवलाव का, हाच भायेर पडतो."

मी म्हटलं, "म्हात्रे, तुम्ही मायेने केलंत." ते म्हणाले, "म्हाईत हाय. तिलापन म्हाईत हाय." आणि कप धुवायला निघून गेले.

मग मी त्यांना सोडलं नाही. पुढच्या आठवड्यांत जेव्हा जेव्हा तळोज्याला वर्ग असायचा, तेव्हा म्हात्रेंना मी मध्येच गाठायची. सरांनी तर सगळ्यांनाच सांगून ठेवलं होतं की तालीम खोलीतच होईल असं नाही, जिन्यात होईल, गेटवर होईल, बाई कुठेही सुनंदा होतील. म्हात्रे येताना दिसले की मी सुनंदा व्हायची. कधी सुनंदा दोरीवर कपडे वाळत घालतेय, कधी दळण घेऊन निघालीय, कधी फोनवर बहिणीशी भांडतेय. हळूहळू त्यांना जमायला लागलं. "वहिनी, फोन ठेवा. दिलीपला लागलंय. वाशीच्या दवाखान्यात हाय. मी गाडी आनलीय." वा! मी त्यांना टाळी दिली. पण सुनंदाला ताटावर बसवलं, की माणूस दारातच उभा. पुढे पाऊल पडेना. सर म्हणाले, एवढं पुरे, पास करून टाका. म्हात्रेच म्हणाले, "नको. ताटावरून उठवता यायला पायजे, नायतर उपेग काय?"

एका दिवशी दुपारी कँटीनमध्ये मी जेवायला बसले होते. आता एक सांगायला हवं. केमिकल कंपनीत आत फोन नेऊ देत नाहीत, ठिणगीची भीती असते. गेटवर जमा करावा लागतो. त्यामुळे आत गेलं की बाहेरच्या जगात काय चाललंय ते कळत नाही. ताटात वाटाण्याची उसळ होती, चपातीचा पहिला तुकडा मोडला होता, आणि म्हात्रे समोर येऊन उभे राहिले.

"ताई, उठा."

मला ते मॅडम म्हणत. ताई म्हणाले तरी माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, पठ्ठ्याने आज स्वतःहून तालीम धरली, तीसुद्धा ताटावर! मला कोण आनंद झाला. मी लगेच सुनंदा झाले. पदर सारखा करून म्हटलं, "अगं बाई, भाऊजी! बसा ना, वाढू का तुम्हाला थोडं?"

ते बसले नाहीत. त्यांनी माझं ताट उचललं आणि शेजारच्या टेबलावर ठेवलं. मी मनात म्हटलं, छान, हे नवीन आहे. आणि सुनंदाच्याच आवाजात विचारलं, "काय झालं हो? यांना काही झालं का?"

"ताई," ते खाली वाकून, अगदी हळू म्हणाले, "ह्यो खेल नाय. अरविंदसायेबांच्या छातीत दुखला घरी. तुमच्या पोरान वाशीला दवाखान्यात नेलाय. त्याचाच फोन आलेला गेटवर. शुद्धीत हायेत. गाडी दारात हाय. चला."

अरविंद हे माझ्या मिस्टरांचं नाव. तळोज्यात ते कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

नंतर मला कळलं, गेटवरून निरोप आल्यावर ऑफिसात सगळे हडबडले होते. कोणी म्हणालं, बाईंना जेवू दे. कोणी म्हणालं, नुसतं सांगा, मुलाने घरी बोलावलंय. म्हात्रे म्हणाले, "मी सांगतो," आणि उठलेसुद्धा.

गाडीत ते माझ्या शेजारी बसले. कळंबोलीला ट्रेलरची ही रांग. मी दर दोन मिनिटांनी एकच विचारत होते, "काही होणार नाही ना हो? सांगा ना, काही होणार नाही ना?" इतके दिवस मी लोकांना शिकवलं होतं की हे उत्तर द्यायचं नसतं. त्या वेळी मला तेवढं एकच उत्तर हवं होतं, खोटं तर खोटं. म्हात्रेंनी ते दिलं नाही. "मना म्हाईत नाय, ताई," म्हणायचे आणि माझ्या मुलाला फोन लावायचे. बोलून झालं की सांगायचे, "आताच बोललो. डाक्टर जवल हायेत. तुमचा नाव घेतला." मला त्यांचा राग आला होता. खरंच सांगते, त्या गाडीत मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. एवढंसं म्हणायला काय जात होतं त्यांचं?

आम्ही पोहोचलो. अरविंद शुद्धीत होते. नाकातोंडावर तो मास्क. मला बघून त्यांनी तो बाजूला करायची खटपट केली, नर्स ओरडली, तरी केला. म्हणाले, "गॅलरीतले कपडे काढायचे राहिले गं." मी म्हटलं, "राहू देत, मी काढते." मग त्यांनी माझा हात धरला. बराच वेळ धरला होता. संध्याकाळ व्हायच्या आत गेले.

मी ताटावर बसून राहिले असते, तर ही भेट मला मिळाली नसती. हे मला नंतर कळलं, पुष्कळ नंतर. म्हात्रे त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर शेवटपर्यंत बसून होते. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, सल्ला दिला नाही. मुलाला धरून उभे राहिले, ॲम्ब्युलन्सचं बघितलं, स्मशानातून आल्यावर दारातून नमस्कार करून गेले.

पुढचे काही महिने मी घरातच. आता एक विचित्र गोष्ट सांगते. सगळ्या नातेवाईकांना फोन मुलाने केले. भेटायला आले ते कळूनच आले. बँक, गॅस, सोसायटी, सगळं मुलाने बघितलं. मला कोणाला सांगायची वेळच आली नाही. आणि जेव्हा आली, तेव्हा माझ्या तोंडातून ते निघेना. भाजीवाला म्हणाला, "साहेब दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत?" मी म्हटलं, "गावाला गेलेत." इस्त्रीवाल्याला म्हटलं, "मोठ्या भावाकडे गेलेत." त्याने त्यांचे शर्ट विचारले तर मी दोन दिलेसुद्धा, इस्त्रीला. मुलाला कळलं तेव्हा तो घाबरला. किती खोल्यांमध्ये, किती वेळा मी नवरा गेल्याची बातमी ऐकून रडले होते! आणि माझाच नवरा गेला हे मला एका इस्त्रीवाल्याला सांगता येईना. रडूही येत नव्हतं. नळ बंद तो बंदच.

सरांनी कामाबद्दल कधी विचारलं नाही. मी मनात कामाला रामराम ठोकला होता. मग एका सकाळी म्हात्रेंचाच फोन. "ताई, नवीन ब्याच हाय. सर येनार हायेत. तुमी या." ते आता शिफ्ट इनचार्ज झाले होते. मी म्हटलं, "म्हात्रे, मला नाही जमणार आता ते." ते म्हणाले, "नका करू. येऊन नुसत्या बसा मागं." मी गेले. का गेले ते मला नीट सांगता यायचं नाही. घरातल्या त्या भिंतींचा कंटाळा आला होता, एवढं खरं.

तीच खोली, तीच खुर्ची. आणि गेल्यावर पायांना सवयच. मी जाऊन खुर्चीत बसले. सर नको नको म्हणत होते. मी म्हटलं, "असू दे हो, करते. जमतं मला." दारावर टकटक झाली. नवा सुपरवायझर आत आला, घाम पुसत उभा राहिला. "वहिनी," म्हणाला, "एक वाईट बातमी आहे."

मी सुनंदा व्हायला गेले आणि होईना. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो माझ्याकडे. त्याला वाटलं, बाई अभिनय करताहेत. वर्गालाही तेच वाटलं. सर अर्धवट उठले, पण त्यांनाही काय करावं कळेना.

म्हात्रे मागून उठून आले. त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू बस जा." मग माझ्यापुढे उभे राहिले. "उठा ताई. आज मी घरची बाई. तुमी सांगाला या."

वर्गात खसखस पिकली. तो देह, त्या मिशा, आणि घरची बाई! म्हात्रेंनी तिकडे लक्षच दिलं नाही. खुर्चीत बसले, गुडघे जुळवले, नसलेला पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला आणि दाराकडे तोंड करून माझी वाट बघत राहिले. मला खोलीबाहेर जावंच लागलं. बाहेर पॅसेजमध्ये मी दाराची कडी धरून उभी होते. या दाराच्या बाहेर मी कधीच उभी राहिले नव्हते. इथे उभं राहिल्यावर कसं वाटतं ते मला माहीतच नव्हतं. तरी मी टकटक केली.

"या," म्हात्रे आतून म्हणाले. "बसा. कोनाकडं आलाव?"

"तुमच्याकडेच," मी म्हटलं. पुढे गाडी अडली. ते घाई करेनात. नुसते बघत राहिले, ज्या बाईला अजून काही माहीत नाही अशा डोळ्यांनी. त्यांनी दिलीपचं नाव घेतलं नाही, सुनंदाचं घेतलं नाही. मला कुठलंच नाव दिलं नाही त्यांनी.

"अरविंद गेले," मी म्हटलं.

खसखस थांबली होती.

म्हात्रे रडले नाहीत, ओरडले नाहीत. मी इतक्या वर्षांत अशा खुर्चीत बसून जे जे केलं होतं, त्यातलं त्यांनी काहीच केलं नाही. थोडे पुढे झुकले आणि विचारलं, "कवा?"

"गणपती झाल्यावर."

"कुठं होते?"

"घरीच. वाळलेले कपडे काढत होते गॅलरीत."

"मंग?"

मग मी सांगत गेले. माझा आवाज फुटला, डोळ्यांतून धारा लागल्या, तरी सांगत गेले. छातीत कसं दुखलं ते, मुलाने कसं नेलं ते, मी तळोज्यात होते ते, कळंबोलीची रांग, मास्क, नर्स. दवाखान्यात त्या दिवशी शेवटपर्यंत माझ्यासोबत होता हा माणूस, सगळं डोळ्यांनी बघितलं होतं त्याने. तरी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा एकेक गोष्ट विचारत राहिला.

"तुमी भेटल्याव त्यांना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "भेटले. बोलले ते माझ्याशी."

म्हात्रेंनी तो नसलेला पदर डोळ्यांना लावला.